सेडनावर गाव वसवायचे झाले तर

‘दूर’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. शाळा दोन मैलांवर असली तरी ती दूर, कोल्हापूरकराला नागपूर दूर, आणि चंद्र तर दूरच दूर! भौतिकशास्त्राला मात्र नुसते ‘दूर’ म्हणून भागत नाही. किती दूर, तेथे पोचायला किती वेळ आणि तेथे राहायला किती ऊर्जा, हे आकड्यांत सांगावे लागते. आकडे मांडले की पुष्कळदा असे दिसते की आपल्याला जी अडचण मोठी वाटत होती ती किरकोळ आहे, आणि खरी अडचण भलतीकडेच दडून बसली आहे.

या लेखात आपण अशाच एका दूरच्या ठिकाणी, अर्थातच कागदावर, एक गाव वसवून पाहणार आहोत. विज्ञानकथांत अशी गावे पुष्कळ असतात. आपल्या गावात हजार माणसे असतील आणि त्याला आपण ‘दूरगाव’ म्हणू. दूरगावचा हिशेब करायला शाळेतल्या भौतिकशास्त्राबाहेरचे फारसे काही लागणार नाही. कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचलेत तर अधिक बरे. दूरगाव ज्या जमिनीवर वसायचे आहे तिचे नाव आहे सेडना.

एक अंधुक ठिपका

१४ नोव्हेंबर २००३ च्या रात्री कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने आकाशाच्या एका भागाची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेतली. माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ हे तीन ज्योतिर्विद अशा छायाचित्रांतून सरकणारे ठिपके शोधत होते. तारे जागच्या जागी राहतात. सूर्यमालेतील वस्तू मात्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेली दिसते. जितकी ती दूर तितके हे सरकणे कमी. त्या रात्रीच्या छायाचित्रांतला एक अंधुक ठिपका सरकत होता खरा, पण फारच थोडा. म्हणजे ती वस्तू प्लूटोच्याही खूप पलीकडे होती.

१५ मार्च २००४ रोजी हा शोध जाहीर झाला. नव्या वस्तूला आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांच्या सागरदेवतेचे नाव दिले गेले. ही देवता गोठलेल्या समुद्राच्या तळाशी राहते, असे इन्युइट लोक मानतात. नाव अगदी शोभणारे आहे.

सेडनाचा व्यास सुमारे १,००० कि.मी. आहे, म्हणजे आपल्या चंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. रंगाने ती तांबूस आहे. स्वतःभोवती एक फेरी ती सुमारे सव्वादहा तासांत पूर्ण करते. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने तिच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तेव्हा तिच्या पृष्ठभागावर गोठलेले इथेन असल्याची खूण मिळाली. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ‘बटुग्रह’ हा वर्ग ठरवला. सेरेस, प्लूटो, हाउमेआ, माकेमाके आणि एरिस हे पाच या वर्गात अधिकृतपणे मोडतात. सेडनाचे नाव त्या यादीत नाही, परंतु पुष्कळ ज्योतिर्विद तिला बटुग्रहच मानतात. आपणही तसेच मानू.

हरभऱ्याएवढा सूर्य

पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर सुमारे १५ कोटी कि.मी. आहे. त्याला एक खगोलीय एकक म्हणतात. शाळेच्या मैदानावर हे अंतर एक मीटर धरा. मग सूर्य होईल ९ मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पृथ्वी होईल धुळीच्या कणासारखी, एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. नेपच्यून ३० मीटरवर येईल. येथवर मैदान पुरेल.

आता सेडना. तिची कक्षा फार लांबट लंबवर्तुळाकार आहे. सूर्याला ती सर्वांत जवळ येते त्या बिंदूला उपसूर्य बिंदू म्हणतात. तो येईल ७६ मीटरवर. सर्वांत दूरचा, म्हणजे अपसूर्य बिंदू, येईल सुमारे ९४० मीटरवर! मैदान, शाळा, बाजारपेठ सगळे ओलांडून जवळजवळ एक किलोमीटर चालत जावे लागेल, आणि तेथूनही सेडना या हरभऱ्याच्या दाण्याभोवतीच फिरत असेल.

एवढ्या प्रदक्षिणेला वेळ किती लागेल? केप्लरचा तिसरा नियम येथे कामी येतो. सूर्यापासूनचे सरासरी अंतर खगोलीय एककांत घ्या. त्याचा घन करून वर्गमूळ काढले की वर्षे मिळतात. ७६ आणि ९४० यांची सरासरी ५०८. हाच कक्षेचा अर्ध-दीर्घ अक्ष. ५०८ चे वर्गमूळ सुमारे २२.५, त्याला ५०८ ने गुणले की ११,४०० च्या आसपास उत्तर येते. सेडनाचे एक वर्ष म्हणजे आपली सुमारे ११,४०० वर्षे!

केप्लरचा दुसरा नियम सांगतो की जवळ असताना ग्रह वेगाने धावतो आणि दूर असताना रेंगाळतो. उपसूर्य बिंदूवर सेडनाचा वेग सेकंदाला सुमारे ४.६ कि.मी. असतो. अपसूर्य बिंदूवर तो सेकंदाला जेमतेम ३७५ मीटरवर येतो, हवेतील ध्वनीच्या वेगापेक्षा थोडासाच अधिक. म्हणून आपल्या वर्षाचा बहुतेक सगळा काळ सेडना दूर अंधारातच घालवते. सूर्यापासून १०० एककांच्या आत ती प्रत्येक प्रदक्षिणेत फक्त सुमारे २०० वर्षे असते, म्हणजे शंभरातला दोन हिश्शांहूनही कमी काळ.

आपण नेमक्या याच काळात जन्माला आलो आहोत. २०७६ च्या सुमारास सेडना उपसूर्य बिंदूवर येईल. याआधी ती तेथे आली होती तेव्हा हिमयुग नुकतेच सरले होते आणि पश्चिम आशियात माणूस धान्य पेरायला शिकत होता. चाक नव्हते, लिपी नव्हती, धातू वितळवण्याची कला नव्हती. गहू पेरण्यापासून अवकाशात दुर्बीण सोडण्यापर्यंतचा मानवाचा सगळा प्रवास सेडनाच्या एका वर्षात बसतो.

जाणे सोपे, थांबणे अवघड

आता दूरगावकडे निघू. ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ कि.मी. वेगाने सूर्यमालेबाहेर चालले आहे. याच वेगाने ७६ एकके, म्हणजे सुमारे ११४० कोटी कि.मी. जायला किती काळ लागेल? भागाकार करून पाहा. सुमारे २१ वर्षे. हा काळ मोठा आहे, पण अशक्य नाही. विशीत निघालेला माणूस चाळिशीत पोचेल.

पण व्हॉयेजरला कोठे थांबायचे नव्हते. प्लूटोला भेट देणाऱ्या न्यू होरायझन्स यानालाही थांबायचे नव्हते. जानेवारी २००६ मध्ये निघून १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोजवळून सुसाट निघून गेले. गाव वसवणाऱ्याला मात्र उतरावे लागणार. आगगाडीला ब्रेक असतात, चाकांचे रुळांशी घर्षण असते. अवकाशात घर्षण नाही. मंगळावर उतरणाऱ्या यानाला तेथील विरळ हवा तरी वेग कमी करायला मदत करते. सेडनावर तशी हवाही नाही. वेग मारायचा तर अग्निबाण उलटा धरून इंधन जाळावे लागणार.

हे इंधन किती, ते रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांच्या सूत्रावरून काढता येते. रासायनिक इंधनाचे वायू अग्निबाणातून सेकंदाला साधारण ४.५ कि.मी. वेगाने बाहेर पडतात. यानाचा वेग तेवढ्याने बदलायचा असेल तर यानाचे सुरुवातीचे वजन शेवटच्या वजनाच्या २.७२ पट हवे. आणखी तेवढ्याने बदलायचा असेल तर पुन्हा २.७२ पट. म्हणजे येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. १७ कि.मी. म्हणजे ४.५ च्या पावणेचार पटींहून थोडे जास्त. या हिशेबाने उत्तर येते सुमारे ४४ पट. एक टन सामान सेडनावर उतरवायचे तर जवळजवळ ४३ टन इंधन तेथपर्यंत वाहून न्यायला हवे. हजार माणसांना हजारच टन सामान दिले, आणि तेही अपुरेच आहे, तरी ४३ हजार टन इंधन लागेल.

हळू गेले तर इंधन वाचेल, पण वर्षे वाढतील. निम्म्या वेगाने ४२ वर्षे लागतील आणि निघालेल्यांची मुले पोचतील. अंतराची किंमत ही अशी चुकवावी लागते. कधी इंधनात, कधी आयुष्यात.

सतराशे ग्रॅमचा माणूस

समजा, उतरलो. पायाखाली गुरुत्वाकर्षण किती असेल? सेडनाचे वस्तुमान अद्याप मोजलेले नाही. एखाद्या ग्रहाला उपग्रह असला की त्याच्या फेऱ्यांवरून ग्रहाचे वस्तुमान काढता येते, आणि सेडनाला एकही उपग्रह सापडलेला नाही. म्हणून आपण तिची घनता पाण्याच्या दुप्पट धरू. बर्फ व खडक यांच्या मिश्रणाला ती शोभेल अशी आहे. ५०० कि.मी. त्रिज्या धरून गणित केले तर गुरुत्वीय त्वरण येते ०.२८, म्हणजे पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे. येथे ६० किलो भरणारा माणूस तेथे स्प्रिंगच्या काट्यावर उभा राहिला तर काटा सुमारे १,७०० ग्रॅम दाखवील!

पृथ्वीवर अर्धा मीटर उडी मारणारा मुलगा तेथे त्याच जोराने उडाला तर साडेसतरा मीटर वर जाईल आणि बावीस सेकंदांनी खाली येईल. पोशाखाचे ओझे येथे धरलेले नाही. क्रिकेटचा चेंडू टोलवला तर तो क्षितिजापलीकडे जाऊन पडण्याची भीती! गंमत वाटेल, पण हजारो वर्षे असल्या हलक्या गुरुत्वात राहणाऱ्या माणसांची हाडे आणि स्नायू कसे होतील? अवकाश स्थानकात काही महिने राहून परतणाऱ्या प्रवाशांची हाडे ठिसूळ होतात, एवढे आपल्याला आजच माहीत आहे.

भाकरीला किती वॅट?

दूरगावच्या आकाशात सूर्य कसा दिसेल? ७६ पट दूर गेल्यावर त्याचा आकार ७६ पट लहान होईल. आपल्या डोळ्यांना तो तबकडी म्हणून दिसणारच नाही, एक अतिशय तेजस्वी तारा दिसेल. पण तो अंधूक असेल असे मात्र समजू नका. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ७६ चा वर्ग ५,७७६. म्हणजे तेथील सूर्यप्रकाश आपल्या सूर्यप्रकाशाच्या सुमारे पाच हजार आठशेव्या हिश्शाएवढा. पौर्णिमेचे चांदणे सूर्यप्रकाशाच्या चार लाखाव्या हिश्शाच्या आसपास असते. भागाकार केला तर सेडनाच्या भर दुपारी सुमारे ७० पौर्णिमांइतका उजेड असतो. तेवढ्यात पुस्तक सहज वाचता येईल. अपसूर्य बिंदूवर मात्र तो अर्ध्या पौर्णिमेहूनही कमी होतो.

डोळ्यांना पुरणारा उजेड पोटाला पुरतो का? पृथ्वीजवळ सूर्याकडून दर चौरस मीटरला १,३६१ वॅट मिळतात. ५,७७६ ने भागले की सेडनावर मिळतात ०.२३६ वॅट. सौरपट्ट्या त्यातील पाचवा हिस्सा विजेत रूपांतरित करतात असे धरले, तर हाती येतात ०.०४७ वॅट. दहा वॅटचा एक दिवा लावायला २१० चौरस मीटरहून अधिक पट्ट्या हव्यात, म्हणजे एखाद्या प्रशस्त बंगल्याच्या गच्चीएवढ्या.

आता भाकरीचा हिशेब करू. माणसाला दिवसाला सुमारे २,४०० किलोकॅलरी अन्न लागते. त्याचे ज्यूल करून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले तर ११६ वॅट येतात. म्हणजे प्रत्येक माणूस हा शंभर वॅटच्या बल्बसारखा अखंड जळत असतो! हे अन्न पिकवायला झाडांना प्रकाश हवा. प्रकाशसंश्लेषणात प्रकाशातील साधारण शंभरावा हिस्साच खाण्याजोग्या अन्नात उतरतो. म्हणून एका माणसासाठी सुमारे १२ हजार वॅट प्रकाश हवा. दिवे विजेच्या निम्म्या भागाचा प्रकाश करतात असे धरले तर २४ हजार वॅट वीज हवी, तीही रात्रंदिवस.

महिन्याचे बिल काढा. २४ किलोवॅट गुणिले ७२० तास, म्हणजे माणशी सुमारे १७ हजार युनिट! शेतकरी शेतात पेरतो तेव्हा हे सगळे युनिट सूर्य फुकट देत असतो, म्हणून त्यांची किंमत आपल्या ध्यानात येत नाही.

सौरपट्ट्यांवर एवढी वीज करायची तर सेडनावर माणशी सव्वाशे एकर पट्ट्या लागतील. हे झाले उपसूर्य बिंदूवर. अपसूर्य बिंदूवर प्रकाश आणखी दीडशे पटींनी कमी होतो. तेव्हा माणशी सुमारे ७८ चौरस किलोमीटर! १९७४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी अवकाशातील वसाहतींची योजना मांडली, ती पृथ्वी-चंद्राच्या परिसरातली होती. तेथे ऊन भरपूर आहे. फ्रीमन डायसन यांनी १९७२ साली लंडनमधील एका व्याख्यानात धूमकेतूंवर वाढू शकणाऱ्या झाडांची कल्पना मांडली होती. ती झाडे आजवर कोणी लावलेली नाहीत, आणि त्यांनाही ऊन गोळा करावे लागणारच.

तेव्हा दूरगावला अणुभट्टी हवी. व्हॉयेजरवरही सौरपट्ट्या नाहीत. प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गातून निघणाऱ्या उष्णतेवर त्याची वीज तयार होते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ चे विखंडन झाले की दहा लाख वॅट, म्हणजे एक मेगावॅट उष्णता साधारण एक दिवसभर मिळते. हजार माणसांना २४ मेगावॅट वीज हवी. उष्णतेच्या तिसऱ्या हिश्शाची वीज होते, म्हणून ७२ मेगावॅट उष्णता हवी. दिवसाला ७२ ग्रॅम युरेनियम-२३५. वर्षाला २६ किलो. फारच थोडे वाटते, नाही?

पण कोणते वर्ष? पृथ्वीचे की सेडनाचे? दूरगावने सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करायची तर ३०० टन युरेनियम-२३५ लागेल. नैसर्गिक युरेनियममध्ये याचे प्रमाण शेकडा ०.७२ असते, म्हणजे सुमारे ४२ हजार टन युरेनियम शुद्ध करावे लागेल. आणि हे सारे गोळा करून ठेवायचे ते साडेचारशे पिढ्यांनंतरच्या माणसांसाठी!

गारठ्यातली ऊब, हीच अडचण

उपसूर्य बिंदूवर सेडनाचे तापमान उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि अपसूर्य बिंदूवर उणे २६० च्याही खाली असणार. निरपेक्ष शून्य उणे २७३ वर आहे. तेव्हा दूरगावची माणसे गारठून मरतील असे कोणालाही वाटेल.

पण थर्मासचा विचार करा. त्यात चहा गरम का राहतो? दोन भिंतींमध्ये निर्वात जागा असते, म्हणून. दूरगावच्या भोवती हवा नाही, वारा नाही. सगळे गावच एका थर्मासमध्ये बसलेले आहे. उष्णता बाहेर पडायची ती फक्त प्रारणाने. उलट ७२ मेगावॅटची भट्टी आत सतत तापते आहे. दिव्यांची, यंत्रांची, माणसांची, सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते. ती बाहेर घालवली नाही तर गाव भाजून निघेल! वीस अंश तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४१८ वॅट उष्णता प्रारणाने बाहेर टाकतो. ७२ मेगावॅटसाठी सुमारे १ लाख ७२ हजार चौरस मीटरचा, म्हणजे ४१५ मीटर लांबी-रुंदीचा रेडिएटर आकाशाकडे तोंड करून ठेवावा लागेल.

ही उष्णता जमिनीत मात्र जाऊ देता कामा नये. इथेन उणे १८३ अंशांना वितळते. पाण्याचा बर्फ तेथे दगडासारखा राहील, पण ज्या जमिनीत इथेन किंवा मिथेनचा अंश आहे ती घराच्या उबेने मऊ पडून खचेल. सायबेरियातील याकुत्स्क शहरात अशीच अडचण येते. तेथील जमीन बारमाही गोठलेली आहे. इमारतीची ऊब जमिनीत उतरली तर पाया खचतो. म्हणून तेथे इमारती खांबांवर उभारतात आणि खालून थंड हवा खेळती ठेवतात. दूरगावची घरेही खांबांवरच उभारावी लागतील, फक्त ते खांब उष्णतेचे अतिशय मंदवाहक हवेत.

अकरा तासांची हाक

दूरगावात कोणी आजारी पडले आणि पृथ्वीवरील डॉक्टरांचा सल्ला हवा असला तर? सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला सुमारे ८ मिनिटे १९ सेकंद लागतात. ७६ पट केले की साडेदहा तास होतात. विचारलेला प्रश्न पोचून उत्तर यायला २१ तास. अपसूर्य बिंदूवरून एका बाजूला जवळजवळ साडेपाच दिवस, उत्तराला अकरा दिवस, आपल्या पोस्टकार्डासारखेच! दूरगावला स्वतःचे डॉक्टर, स्वतःचे शिक्षक, स्वतःचे न्यायाधीश हवेत. हजार माणसांत हे सगळे मिळायला हवेत, आणि त्यांच्यानंतर त्यांची जागा घेणारेही त्याच हजारांतून तयार व्हायला हवेत.

दूरगावच्या मुलांना पृथ्वी दाखवायची झाली तर? तेथून पृथ्वी सूर्यापासून पाऊण अंशाहून अधिक दूर कधी जाणारच नाही. सूर्याच्या झगझगाटात ती साध्या डोळ्यांना सापडणे कठीणच. आपली जन्मभूमी पाहायलाही त्यांना दुर्बीण लागेल.

मग सेडनाचा उपयोग काय?

हिशेब संपला. आपल्याला आधी भीती वाटली होती थंडीची आणि अंधाराची. त्या दोन्हींवर उपाय निघाला. अडले ते थांबण्यासाठीचे इंधन, भाकरीसाठीची ऊर्जा आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरणारी साठवण यांवर. दूरगाव तूर्त कागदावरच राहू द्यावे हे उत्तम.

पण सेडनाकडे माणूस गेला नाही तरी यान जाऊ शकते, आणि ते जावे यालाही सबळ कारण आहे. सेडनाची कक्षा हे एक कोडे आहे. सूर्यमालेच्या कडेच्या पुष्कळ लहान वस्तूंना नेपच्यूनने इकडेतिकडे फेकले आहे. पण अशी फेकलेली वस्तू फिरून नेपच्यूनच्या कक्षेजवळ येते. सेडना तर ७६ एककांच्या आत कधी येतच नाही, आणि नेपच्यून राहतो ३० वर. मग तिला तेथे नेले कोणी? सूर्य आपल्या भावंडताऱ्यांच्या गर्दीत जन्मला, तेव्हा एखादा तारा जवळून गेला आणि त्याने तिला ओढले, असे काहींना वाटते. अद्याप न सापडलेला एखादा मोठा ग्रह दूरवर असावा, असेही काही जण म्हणतात.

आणखी एक गोष्ट पाहा. सेडना आपल्याला दिसते ती परावर्तित प्रकाशाने. तेथे जाताना प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो आणि परत येताना पुन्हा वर्गाने. म्हणजे एकूण चतुर्थ घाताने. अपसूर्य बिंदूवर सेडना आजच्यापेक्षा हजारो पटींनी अंधूक होईल, आणि आजच्या पद्धतीने ती सापडलीच नसती. प्रदक्षिणेच्या शंभरातल्या दोन हिश्शांच्या काळातच जी दिसते ती एक आपल्याला दिसली, म्हणजे न दिसणाऱ्या अशा डझनावारी असाव्यात, असा तर्क करता येतो. २०१४ मध्ये ‘२०१२ व्हीपी ११३’ या वस्तूचा शोध जाहीर झाला. तिचा उपसूर्य बिंदू ८० एककांवर आहे. या साऱ्यांत सूर्याच्या जन्मकाळची सामग्री अब्जावधी वर्षे गोठून पडलेली आहे.

यानाला सेडनापर्यंत २०-२५ वर्षे लागतील. २०७६ च्या सुमारास तिच्याजवळ पोचायचे तर ते २०५० च्या सुमारास निघायला हवे, आणि त्याची आखणी, बांधणी त्याआधी कित्येक वर्षे सुरू व्हायला हवी. आज सेडनाच्या वाटेवर एकही यान नाही. थोडा उशीर झाला तरी दार लगेच बंद होणार नाही; २१२६ च्या सुमारासही ती ८३-८४ एककांवर असेल. परंतु २१७५ नंतर ती १०० एककांच्या बाहेर पडेल, आणि पुन्हा एवढ्या जवळ यायला तिला हजारो वर्षे लागतील. त्या वेळी पृथ्वीवर कोण असेल, आणि त्यांना आपण आठवत असू की नाही, कोणी सांगावे?

आज जो विद्यार्थी नववीत आहे तो २०५० मध्ये ऐन कर्तृत्वाच्या वयात असेल. ते यान बांधणारे, त्याची कक्षा ठरवणारे किंवा ‘यासाठी पैसा द्यावा’ असे ठरवणारे लोक आज कोठल्या ना कोठल्या वर्गात बसलेले आहेत. यानाने तेथून धाडलेले पहिले छायाचित्र साडेदहा तासांनी पृथ्वीवर येईल, तेव्हा ते पाहायला ते साठी ओलांडलेले असतील.

तोपर्यंत एक काम करता येईल. एखाद्या सुटीच्या दिवशी मैदानाच्या टोकाला हरभऱ्याचा एक दाणा ठेवा. त्यापासून एक मीटरवर, ३० मीटरवर आणि ७६ मीटरवर खुणा करा, आणि मग शिक्षकांची परवानगी घेऊन ९४० मीटर चालत जा. तेथे उभे राहून मागे वळून पाहा. दाणा दिसणार नाही, पण ‘दूर’ म्हणजे किती, हे मात्र कळेल.